काळा गोबी मासा एका जागी बसून राहतो, दाणे खात नाही: काय करावं?

ताई, आधी तुम्ही लिहिलेलं थोडक्यात सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वाशीच्या घरी शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात दोन क्लाऊनफिश आणि एक निळा डॅम्सेल. दहा दिवसांपूर्वी सहावीतल्या मुलाच्या हट्टासाठी जेमतेम इंचभर लांबीचा काळा गोबी आणला. तो पोहत नाही. पंपाच्या वायरवर, नाहीतर काचेच्या कोपऱ्यात अगदी पाण्याच्या वरच्या काठाशी चिकटून बसतो. दाणे तोंडासमोरून गेले तरी ढिम्म. दुकानदार म्हणाला, ‘हा काहीही खातो, काळजी करू नका.’ तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हा आजारी आहे का, त्याला जिवंत प्रवाळ आणून द्यावं का, आणि जगणार नसेल तर खाडीत सोडावा का.

बसून राहणं हा आजार नाही, तो त्याचा स्वभाव आहे. खात नाही ही मात्र खरी काळजी आहे, आणि तिच्यावर आजच इलाज करायला हवा, रविवारची वाट बघू नका.

आज रात्री दिवे मालवल्यावर टॉर्चचा मंद उजेड बाजूने टाका आणि मासा नीट बघा. चांगल्या गोबीचं पोट हरभऱ्याच्या डाळीसारखं खालून किंचित फुगीर असतं. पोट आत ओढलेलं दिसलं आणि डोक्यामागची पाठ सुरीच्या पात्यासारखी निमुळती झाली असेल, तर मासा उपाशी आहे. एवढ्याशा जिवाच्या अंगात चरबीची साठवण ती किती असणार! मोठा मासा पंधरा दिवस उपास काढतो, हा नाही काढत. ठाण्यात बावीस वर्षं मी लोकांच्या घरच्या आणि दवाखान्यांतल्या समुद्री टाक्या सांभाळतोय. या जातीचे जेवढे मासे मेलेले पाहिले, त्यातले बहुतेक पाण्यामुळे किंवा रोगामुळे नाही, भुकेने मेले. आणि मालकाला शेवटपर्यंत वाटत होतं की बाकीच्यांबरोबर हाही खात असेल. माझ्या स्वतःच्या पहिल्या गोबीचं हेच झालं. चार डॅम्सेल असलेल्या टाकीत मी तो सोडला आणि बाराव्या दिवशी तो खडकाच्या खाचेत मेलेला सापडला. टाकीत रोज खाणं पडत होतं, पण त्याच्यापर्यंत एक कणही पोचत नव्हता. ते मला अजून सलतं, म्हणूनच इतकं लांबलचक लिहितोय.

आता हा मासा मुळात कोण, ते समजून घ्या. ते कळलं की काय करायचं ते आपोआप सुचतं.

दुकानात याला ‘ब्लॅक क्लाऊन गोबी’ म्हणतात. क्लाऊनफिशशी याचं काहीही नातं नाही. हा गोबिओडॉन या वंशातला, प्रवाळाच्या फांद्यांमध्ये राहणारा गोबी. या वंशात काळ्या रंगाच्या एकाहून अधिक जाती आहेत आणि नुसत्या रंगावरून जात ठरवता येत नाही, त्यामुळे दुकानातल्या पाटीवर जाऊ नका. त्यातली एक गोबिओडॉन सेरामेन्सिस. इंडोनेशियातल्या सेराम बेटावरून हे नाव पडलं. १८५३ साली पीटर ब्लीकर यांनी तिचं वर्णन केलं. हे डच लष्करातले डॉक्टर, नेमणूक बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला. नोकरी सांभाळून त्यांनी हजाराहून जास्त नवे मासे जगासमोर आणले. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. पूर्ण वाढलेला गोबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या करंगळीच्या दोन पेरांहून लहान.

याच्या अंगावर खवले नसतात. त्याऐवजी कातडीवर जाड, बुळबुळीत, कडवट आणि विषारी स्राव असतो. मोठ्या माशाने तोंडात घेतला तर सहसा लगेच थुंकतो. पोटाखालचे दोन पर जुळून एक वाटी झालेली असते. त्या वाटीने तो फांदीला, काचेला, वायरला चिकटतो. जंगलात, म्हणजे समुद्रात, एक जोडी एका प्रवाळाच्या झुडपात ठाण मांडून बसते आणि शक्यतो ते झुडूप सोडत नाही. प्रवाहाबरोबर येणारे बारीक कवचधारी जीव, प्रवाळाचा चिकट स्राव, फांदीवरचं शेवाळ, हे त्याचं जेवण. म्हणजे जेवण त्याच्या दारात येतं, तो जेवणाच्या मागे जात नाही. तुमच्या टाकीत नेमकं उलटं चाललंय. दाणे वर तरंगतात, डॅम्सेल झडप घालतो, आणि गोबी आपल्या जागेवर बसून बघत राहतो.

तेव्हा पहिलं काम: माशांच्या दुकानात पिल्लांसाठी मिळणारी जाळीची छोटी पेटी आणा, टाकीच्या आतच काचेला लावा आणि गोबीला त्यात ठेवा. पाणी तेच, तापमान तेच, फक्त डॅम्सेल बाहेर. पेटीत सिरॅमिकची एखादी फांदी किंवा पीव्हीसीचा छोटा तुकडा ठेवा, बसायला. पकडताना जाळी वापरू नका, तो जाळीत अडकून अंग खरचटून घेतो. एका प्लास्टिकच्या पेल्यात हळूच लोटून घ्या.

दुसरं काम खाण्याचं, आणि यातच सगळं आहे. याच्या तोंडाचा घास खसखशीच्या दाण्याएवढा. दाणे त्याला अन्न वाटतच नाहीत, कारण ते हलत नाहीत. सुरुवात जिवंत आर्टेमियाने करा, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाच्या पिल्लांनी. त्याची अंडी डबीत मिळतात. एक लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगा. पाव चमचा अंडी, समुद्री मीठ घातलेलं खारं पाणी, हवेच्या पंपाची नळी तळापर्यंत, वर एक दिवा. आपल्याकडच्या हवेत चोवीस तासांत अंडी फुटतात. मग हवा दहा मिनिटं बंद करा. रिकामी टरफलं तपकिरी थर होऊन वर येतात, आणि खाली नारिंगी ढग जमतो, तीच पिल्लं. बाटलीच्या तळाशी उजेड धरलात तर ती उजेडाकडे गोळा होतात. नळीने खालून ओढून घ्या, स्वच्छ सुती रुमालातून गाळा, गोड्या पाण्याने विसळा. टरफलं माशाच्या पोटात जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत. आणि पिल्लं ताजी असतानाच खायला घाला. जन्मल्यावर ती अंगातल्या पिवळ्या बलकावर जगतात. तो संपला की त्यांच्यात पोषण फारसं उरत नाही. मुलाला हे काम द्या. भिंगातून नारिंगी ढग हलताना पाहिला की पोरं जागची हलत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

खायला घालताना पंप दहा मिनिटं बंद. ड्रॉपरने चार-पाच थेंब गोबीच्या तोंडासमोर, तो बसलाय तिथेच सोडा. तो आधी डोळे फिरवेल. या माशाचे डोळे एकमेकांपासून वेगवेगळे फिरतात. मग मान न हलवता एकदम झेप घेईल, टिपेल, आणि लगेच परत जागेवर येऊन बसेल. ती पहिली झेप दिसली की अर्धं काम झालं. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी थोडंच. एकदा भरपूर घालणं म्हणजे पाणी खराब करणं.

चार-पाच दिवस नीट खाऊ लागला की हळूहळू गोठवलेल्या सायक्लॉप्सवर, म्हणजे पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांवर आणा. आणि एक घरगुती उपाय सांगतो, जो मी वर्षानुवर्षं करतोय. बाजारात कोळणीकडून ताजा ओला जवळा घ्या, मूठभरच. दोन-तीन पाण्यांनी धुवा, शेवटचं पाणी आरओचं. बर्फाच्या पिशवीत पातळ थर करून गोठवा. खायला घालताना त्यातला चिमूटभर तुकडा ब्लेडने खसखशीएवढा बारीक करा, पाण्यात विरघळवा, गाळा, आणि ड्रॉपरने द्या. सुका जवळा मात्र अजिबात नको. तो कडक होतो, मीठ लागलेलं असतं, आणि पाण्यात फुगून टाकी घाण करतो.

आता काठाशी बसण्याबद्दल. तुम्हाला वाटलं तो श्वासासाठी तडफडतोय. गिल, म्हणजे कल्ले, भराभर हलत असतील तर तसंच समजा आणि पाणी तपासा. पण शांत बसला असेल तर घाबरू नका. त्याला उंच फांदीची सवय आहे, तुमच्या टाकीत सर्वांत उंच फांदी म्हणजे ती वायर. आणि पाण्यातला प्राणवायू कमी होण्याबाबत हा मासा फार चिवट आहे. रात्री प्रवाळाच्या घट्ट फांद्यांमध्ये पाणी कोंडतं, प्रवाळ स्वतःही प्राणवायू घेत असतं. मोठ्या ओहोटीला तर झुडूप उघडं पडतं. तरी हा घर सोडत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या वंशातले गोबी हवेत तीन-चार तास जिवंत राहिलेले दिसले. खवले नसलेली कातडी श्वासाला उपयोगी पडते. तुम्ही मुलाला ओहोटीच्या वेळी ऐरोलीकडे खाडीच्या काठाला घेऊन जा. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या दाखवा. त्याही गोबीच्या जवळच्या नात्यातल्या आणि त्याही ओल्या कातडीतून श्वास घेतात. एकीने चिखल धरला, दुसऱ्याने प्रवाळ. मला वाटतं, मुलाला नातं असं दाखवलं की ते पक्कं बसतं.

जिवंत प्रवाळाचा प्रश्न. आणू नका. कारण पहिलं कायद्याचं आहे. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून आहेत. जिवंतच नव्हे, मेलेला सांगाडासुद्धा विकणं आणि बाळगणं परवानगीशिवाय चालत नाही. दुकानात काचेच्या कपाटातल्या पांढऱ्या फांद्या दिसल्या तर त्याही घेऊ नका. दुसरं कारण माशाचं. गोबी अंडी घालायला प्रवाळाच्या फांदीवरचे जिवंत कोंब ओरबाडून एक पट्टा साफ करतो. समुद्रात झुडूप मोठं असतं, त्याला ते चालतं, घरच्या टाकीतला तळहाताएवढा तुकडा मरतो. तिसरं, त्याला जिवंत प्रवाळाची गरजच पडत नाही. रेझिनची किंवा सिरॅमिकची, बोटाएवढ्या जाडीच्या फांद्यांची कृत्रिम झाडं मिळतात. फांद्यांमध्ये करंगळीएवढं अंतर हवं. त्यावर हिरवट शेवाळ चढू द्या, घासून काढू नका, त्यातले बारीक जीव तो दिवसभर टिपत राहतो.

मग कुणी म्हणेल, त्याचं आणि प्रवाळाचं इतकं काय आहे? हे सांगायलाच हवं. २०१२ साली डॅनिएल डिक्सन आणि मार्क हे या दोघांनी फिजीच्या समुद्रात एक प्रयोग केला. अ‍ॅक्रोपोरा नावाच्या फांदीदार प्रवाळाला क्लोरोडेस्मिस हे हिरवं शेवाळ लागलं की त्याच्या विषाने प्रवाळ मरतं. त्यांनी ते शेवाळ मुद्दाम प्रवाळाला लावलं. दुखावलेल्या प्रवाळाने पाण्यात रसायन सोडलं, आणि पंधरा मिनिटांच्या आत त्यात राहणारे गोबी येऊन शेवाळ कातरू लागले. तीन दिवसांत शेवाळ साधारण तीस टक्के कमी झालं, आणि प्रवाळाचं नुकसान गोबी नसलेल्या झुडपांपेक्षा सत्तर-ऐंशी टक्क्यांनी कमी राहिलं. त्यातला गोबिओडॉन हिस्ट्रिओ ते शेवाळ खातोही, आणि खाल्ल्यावर त्याच्या अंगचा स्राव आणखी विषारी होतो. घर वाचवायला इंचभर मासा धावतो, आणि घरच त्याला हाक मारून बोलावतं. इतक्या वर्षांत मी या माशांबद्दल ऐकलेली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

नातं दुबळं पडतं तेव्हा काय होतं, तेही बघा. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ २०१४ आणि २०१५ मध्ये दोन चक्रीवादळं आली, मग २०१६ आणि २०१७ मध्ये पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं. पूर्वी जवळपास प्रत्येक झुडपात गोबी असायचे. नंतर जी झुडपं उरली, त्यातली बहुतेक रिकामी सापडली. म्हणून नवा गोबी घेताना विचारा, समुद्रातून पकडलेला आहे की टाकीत पैदास केलेला. परदेशात काही गोबी टाकीत वाढवून विकतात. मिळाला तर तोच घ्या.

जोडीदार आणायचा का? तुमचा मासा सावरला, दोन महिने नीट खाल्लं, तर आणा, थोडा वेगळ्या आकाराचा. नर-मादी ओळखत बसायची गरज नाही. हे गोबी गरजेनुसार नराची मादी आणि मादीचा नर, दोन्ही दिशांनी बदलतात. एका झुडपातून दुसऱ्यात जाणं म्हणजे वाटेत कुणाच्या तरी पोटात जाणं, म्हणून निसर्गाने ही सोय केली असावी. माझ्याकडच्या एका जोडीने सिरॅमिकच्या फांदीभोवती अंगठीसारखा अंड्यांचा पट्टा लावला होता. नर दिवसभर त्याच्यावर पर हलवत बसायचा, कोळंबी जवळ आली तर अंगावर धावून जायचा. पाच दिवसांत पिल्लं फुटली आणि फिल्टरमध्ये गेली. ती वाढवणं घरी फार अवघड आहे, मनाला लावून घेऊ नका.

डॅम्सेल मात्र टाकीतून काढावा लागेल. शंभर लिटरमध्ये तो वयात आला की कुणालाच जगू देत नाही. क्लाऊनफिश चालतील.

पाण्याचं थोडक्यात. खारेपणा विशिष्ट गुरुत्वाच्या मापाने १.०२५, तापमान २५ ते २७ अंश. ठाण्या-वाशीत एप्रिल-मेमध्ये टाकी सहज तिशी ओलांडते. पृष्ठभागावर पंखा लावला की पाणी उडून दोन-तीन अंश खाली येतं, पण पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि पंखा निम्माही चालत नाही, तेव्हा चिलर नसेल तर खोलीचा एसी. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या साध्या पाण्याने घाला, खाऱ्याने नाही. मीठ उडत नाही, मागे राहतं. नळाचं पाणी मोरबे धरणाचं आहे, प्यायला छान, पण त्यातलं क्लोरीन टाकीला नको. दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावा. गोबी तग धरेल, क्लाऊनफिश नाही धरणार.

पांढरे ठिपके दिसले तर दुकानदार तांब्याचं औषध देईल. खवले नसल्यामुळे ते याला फार लवकर बाधतं. औषध घालण्याआधी मला ठिपक्यांचा फोटो पाठवा. आणि नवा मासा आणलेल्या पिशवीतलं पाणी टाकीत कधीच ओतू नका. घाबरलेला गोबी स्राव सोडतो, बंद पिशवीत तो साचतो.

राहिला खाडीचा प्रश्न. नाही, ताई, वाशीच्या पुलाखाली सोडू नका. तिथलं पाणी गढूळ, सांडपाण्याचं, आणि पावसाळ्यात खाडीची क्षारता इतकी उतरते की प्रवाळातला मासा तासाभरातच मान टाकेल. जगला असता तरीही परक्या समुद्रातला मासा आपल्या खाडीत सोडायचा नसतो. आठ दिवस सांगितलं तसं करून बघा. त्याने पहिली झेप घेतली नाही किंवा तुम्हाला वेळ काढणं जमत नसेल, तर कळवा. माझ्याकडे घोडबंदरला एक रिकामी टाकी चालू आहे, आर्टेमिया रोज निघतो. पेल्यात नको, झाकणाच्या डब्यात टाकीचं पाणी अर्धं भरून, अंधार करून आणा, मुलालाही घेऊन या.